कारखाना विकला जाताना सल्लागार दिवसभर करतो तरी काय?

सीए फायनलची तयारी करणाऱ्या एका कोल्हापूरच्या मुलाने विचारलं आहे की मर्जर-अ‍ॅक्विझिशनच्या (म्हणजे कंपन्यांच्या विलीनीकरण आणि खरेदी-विक्रीच्या) सल्लागाराचा दिवस नेमका कसा जातो, आणि हे काम मुंबई-पुण्याला न जाता इथे राहून करता येतं का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे म्हणून ते आधी देते. येतं. मी बरीच वर्षं इथेच करते आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी आणि शहरातलं उद्यमनगर एवढाच पट्टा धरला, तरी दुसरी पिढी दमलेली आणि तिसरी पुण्यात नाहीतर परदेशात स्थिरावलेली अशी कारखानदार घरं शोधत फिरावं लागत नाही. इचलकरंजीचं कापड आणि हुपरीची चांदी यांचं गणित वेगळं, त्यात मी फारशी पडत नाही. माझं बहुतेक काम फौंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणारे कारखाने, आणि मशीन शॉपचं.

आता दिवसाबद्दल. मूल्यांकनाची एक्सेल शीट आणि मोठ्या हॉटेलात होणाऱ्या सह्या, एवढंच तुमच्या डोळ्यांसमोर असेल तर निराशा होईल. किंमत दोन-तीन बैठकांत ठरते. ती ठरल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात, आणि त्या काळात ती थोडी थोडी गळत राहते. माझा दिवस या गळतीमागे जातो. विकणाऱ्याकडून नेमलेली असले तर ती थांबवायची, घेणाऱ्याकडून असले तर कुठे आहे ते आधीच हुडकायचं. खाली सांगते तो दिवस अशाच मधल्या टप्प्यातला आहे: शिरोलीची एक फौंड्री, विकणारे दोन भाऊ, घेणारा पुण्याचा वाहन-सुट्या भागांचा उद्योगसमूह, आणि मी भावांच्या बाजूने. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन व्यवहारांची सरमिसळ केली आहे आणि आकडे हिशेबाला सोपे घेतले आहेत.

पहिला फोन ऑफिसला पोचायच्या आधीच येतो, कारण फौंड्रीवाल्यांचा दिवस पहिल्या शिफ्टबरोबर सुरू होतो. "मॅडम, पुण्याची मंडळी आज येणार, गाड्या कुठं लावू?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एमएच 12 आणि एमएच 14 च्या दोन गाड्या सकाळी गेटवर दिसल्या, की दुपारच्या चहापर्यंत शेजारच्या तीन कारखान्यांत "विकली वाटतं" सुरू होतं. संध्याकाळी पिग आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा, पुरवठादार उधारी मागायला येतो आणि दुसऱ्या दिवशी चांगला मोल्डर, म्हणजे साचे बनवणारा कारागीर, दुसरीकडे चौकशी करतो. मुंबईत गोपनीयता करारावर सही घेतली की काम भागतं. कोल्हापुरात करार हवाच, शिवाय गाड्या कुठे लावायच्या हेही ठरवावं लागतं. भेटी मी शक्यतो साप्ताहिक सुट्टीला ठेवते आणि सगळ्यांना एकाच गाडीतून नेते. कामगारांना खोटं सांगायचं नाही, हा माझा आग्रह. "बाहेरची मंडळी कारखाना बघायला आली आहेत" एवढं पुरतं. (व्यवहारांना टोपणनाव द्यायची पद्धत असते आणि इथे प्रत्येकाला ते पन्हाळा नाहीतर विशाळगड ठेवायचं असतं. मी झाडांची नावं देते.)

त्या दिवशी मंडळी साडेदहाला येणार होती. त्याआधी मोठ्या भावाबरोबर आकड्यांची एक बैठक उरकायची होती, कारण किंमत ऐकून ते घरी जो आकडा सांगून बसले होते तो चुकीचा होता. हे जवळजवळ दर वेळी होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कंपनीचा एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा यांच्या आधीचा नफा, नफा-तोटा पत्रकाप्रमाणे 6 कोटी. बोलणी या नफ्याच्या पाच पटीवर झालेली. भावांनी घरी सांगितलं 30 कोटी. आता घेणाऱ्याचे लोक हा नफा "नॉर्मल" करतात. घरच्या दोन गाड्या आणि मुलाच्या शिक्षणाचे 40 लाख कंपनीत टाकले होते, ते नफ्यात परत मिळवले. पण कारखान्याची अर्धी जागा वडिलांच्या नावावर आणि कंपनी भाडं देत नव्हती. बाजारभावाने ते वर्षाला 60 लाख होतं, ते वजा. दोघे भाऊ नावापुरता पगार घेतात. उद्या त्यांच्या जागी पगारी माणूस ठेवायचा तर 50 लाख जास्त लागतील, तेही वजा. उरले 5 कोटी 30 लाख. पाच पटीने साडेसव्वीस. त्यातून बँकेचं 9 कोटींचं कर्ज गेलं, की भागधारकांच्या हातात येतात साडेसतरा कोटी. "तीसचे साडेसतरा झाले की वो!" हा आवाज मी अनेक केबिनमध्ये ऐकला आहे. तो करार व्हायच्या आदल्या आठवड्यात ऐकण्यापेक्षा पहिल्या महिन्यात ऐकलेला बरा. म्हणून काम हातात घेतल्यावर सगळ्यात आधी मी हाच हिशेब कागदावर मांडते आणि त्याखाली दोघांच्या सह्या घेते. ती सही कायद्याच्या दृष्टीने बिनकामाची, पण घरात उपयोगी पडते.

साडेदहा ते दोन कारखान्यात. आवडीचा भाग विचाराल तर हा.

घेणाऱ्याच्या बाजूने एक सीए, एक फौंड्री इंजिनिअर आणि एक पर्यावरणवाला. सीए थेट ऑफिसात फायलींकडे गेला. इंजिनिअर मात्र फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या विभागाच्या, मागच्या कोपऱ्यात गेला, जिथे तयार माल म्हणून दाखवलेल्या कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, ढीग होता. वरच्या थरावर खडूने टाकलेली तारीख ताजी होती. त्याने खालचं एक कास्टिंग ओढून काढलं, त्यावर गंजाचा जाड थर आणि पुसट झालेला हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या कुठल्या वितळणीतला माल ते सांगणारा आकडा. म्हणजे तो माल महिनोन् महिने तिथेच पडून, बहुधा रिजेक्ट होऊन परत आलेला. तयार माल म्हणून त्याची किंमत लावायची की परत भट्टीत जाणारं स्क्रॅप म्हणून, यात किलोमागे निम्म्याहून जास्त फरक पडतो. रनर-रायझरचंही तेच. ओतकाम झाल्यावर तोडून काढलेलं ते लोखंड पुन्हा वितळवायलाच जातं, पण स्टॉकच्या यादीत कधी कधी ते कास्टिंगच्या ओळीत बसलेलं असतं. हे आदल्या आठवड्यात मी स्वतः पाहिलं होतं आणि यादी दुरुस्त करून घेतली होती. त्यामुळे इंजिनिअरने मान वर केली तेव्हा मी दुरुस्त यादी पुढे केली. विकणाऱ्याच्या सल्लागाराने वाईट बातमी आपणहून द्यावी. समोरच्याने शोधून काढलेल्या प्रत्येक गोष्टीमागे तो आणखी दहा गोष्टी असतील असं धरतो आणि तेवढी किंमत कापतो.

मग लाईट बिलं. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट वीज लागते. भट्टीचं अस्तर जुनं असेल, वीज मधेच जात असेल, वितळलेला रस धरून ठेवावा लागत असेल तर जास्त. भट्टीला सबमीटर असला, की महिन्याच्या युनिटवरून किती टन वितळलं याचा अंदाज निघतो. तो विक्री, रिजेक्शन आणि परत गेलेलं रनर-रायझर यांच्या बेरजेशी ताडून बघायचा. दोन-तीन महिने जुळले नाहीत, तर एक तर रिजेक्शन सांगितल्यापेक्षा जास्त आहे, नाहीतर माल बिलाशिवाय बाहेर गेला आहे. दुसरं निघालं तर विकणारा हमखास म्हणतो, "मग नफा अजून जास्त धरा की!" आणि नेमक्या त्याच वाक्याला घेणारा घाबरतो, कारण कंपनीचे शेअर घेतले की जुन्या जीएसटीची आणि आयकराची जोखीमही कंपनीबरोबरच त्याच्याकडे येते. दोन नंबरच्या नफ्याला किंमत मिळत नाही, उलट तो असलेली किंमत खातो. या फौंड्रीत आकडे जुळले, म्हणून ती भेट शांतपणे पार पडली.

पॅटर्न, म्हणजे ज्यांवरून साचे बनतात ते नमुने, कुणाचे, हा प्रश्न नवख्याला सुचत नाही. रॅकवर ओळीने लावलेल्या पॅटर्नमधले बरेचसे गिऱ्हाईक कंपनीने पैसे देऊन बनवून घेतलेले असतात आणि त्यावर त्यांची नंबर प्लेट असते. ते कारखान्याची मालमत्ता म्हणून मोजता येत नाहीत, आणि मालक बदललेला गिऱ्हाइकाला आवडला नाही तर तो टेम्पो पाठवून पॅटर्न घेऊन जाऊ शकतो. पॅटर्नबरोबर धंदाही जातो. ज्या फौंड्रीचा साठ टक्के माल एकाच कंपनीला जातो, तिथे त्या कंपनीची लेखी संमती सह्यांच्या आधी मिळवणं हे मूल्यांकनापेक्षा मोठं काम.

पर्यावरणवाल्याने वापरलेल्या वाळूचा ढीग कुंपणाच्या आत आहे की बाहेर ते बघितलं, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रावरची उत्पादनक्षमता आणि प्रत्यक्ष टनेज ताडलं. शेवटी त्याने पुराबद्दल विचारलं. शिरोलीत हे विचारलं जाणारच. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळा पंचगंगेच्या पाण्याने तिथला महामार्ग बंद पडला होता. कारखान्यात पाणी आलं नसलं तरी माल निघाला नाही. भाऊ सांगत होते तेवढं नुकसान की विम्याच्या क्लेममध्ये लिहिलं तेवढं, या दोन आकड्यांत अंतर होतं. ते मिटवायला मला जुने डिस्पॅच रजिस्टर मागवावे लागले.

दुपारी जेवण भावांच्या घरी. तिथे पांढऱ्या रश्शाबरोबर दुसरी गळती समोर आली.

वडिलांच्या नावावर कंपनीचे 40 टक्के शेअर होते. वडील मृत्युपत्र न करता गेले. भावांनी मनातल्या मनात ते शेअर निम्मे-निम्मे वाटून घेतले होते, सर्टिफिकेटं मात्र अजून वडिलांच्याच नावाची, लोखंडी कपाटात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा वेळी पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा हिस्सा मिळतो. इथे आई, दोन भाऊ आणि निपाणीला दिलेली बहीण, म्हणजे प्रत्येकी 10 टक्के. वरच्या हिशेबाने बहिणीचे झाले 1 कोटी 75 लाख. धाकट्याने लगेच ऐकवलं, "आक्काला लग्नात सगळं दिलंय की." लग्नात दिलेल्याने वारसाहक्क सुटत नाही, आणि घेणाऱ्याचा वकील तिच्या सहीशिवाय एक पाऊल पुढे टाकणार नाही, हे मी आधीही सांगितलं होतं. म्हणून त्या दिवशी आक्कांना मुद्दाम बोलावलं होतं. मी तयारीत होते की रडारड होईल. आक्कांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "सही करतो की मी. पण आकडा काय हाय ते आधी सांगा."

आकडा सांगितला. भावांनी माना खाली घातल्या. मी आक्कांना एवढंच सुचवलं की माझी फी कंपनी देते, त्यामुळे तुम्ही तुमचा स्वतःचा वकील आणा. भावांना ते आवडलं नाही. पण नंतर "मला फसवून सही घेतली" असा दावा उभा राहिला तर व्यवहार वर्षानुवर्षं अडकतो, त्यापेक्षा ही नाराजी परवडते. बाईमाणूस असल्याचा या धंद्यात मला एक फायदा झाला असेल तर हा, की घरातल्या भागधारक बायका माझ्याशी बोलतात. अशा कंपन्यांत त्या सापडतातच, आणि सह्यांच्या दिवसापर्यंत त्यांना कुणी काही विचारलेलं नसतं.

त्यात डीमॅटची भर. छोट्या कंपनीच्या व्याख्येत न बसणाऱ्या खासगी कंपन्यांना शेअर डीमॅट करणं, म्हणजे कागदी सर्टिफिकेटाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात ठेवणं, सक्तीचं झालं आहे, मुदत 30 जून 2025 ला संपली. म्हणजे आधी वारसांच्या नावावर शेअर चढवायचे, मग आईंचं, आक्कांचं डीमॅट खातं, आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव एक करायचं, मग पुढचं. आईंच्या आधारवर माहेरचं नाव होतं. यात किती आठवडे जातात ते कुणीच वेळापत्रकात धरत नाही.

चारनंतर ऑफिस आणि मुंबईच्या वकिलांबरोबर कॉल. हा भाग बाहेरून रुबाबदार दिसतो, पण बराचसा तासन् तास एकेका कलमावर घासाघीस असते. त्या दिवशी तीन मुद्दे निघाले.

पहिला ग्रॅच्युइटीचा. ताळेबंदात तिची तरतूद शून्य. शेवटचा मासिक पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं, असं साधं सूत्र आहे. 26 हजार पगार आणि 20 वर्षं नोकरी म्हणजे एका कामगाराचे 3 लाख. असे जुने कामगार चाळीस होते, झाले 1 कोटी 20 लाख. घेणारा हे कर्जासारखंच किमतीतून कापणार, आणि ते रास्तच आहे. त्यातून 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यामुळे मूळ वेतन कमी दाखवून बाकी भत्त्यांत देण्याची जुनी युक्तीही या हिशेबात पूर्वीसारखी चालत नाही. मी वाद घातला तो फक्त आयकराच्या बचतीपुरता. ही रक्कम देताना कंपनीला वजावट मिळणार, तेवढा फायदा धरून कपात कमी करा, असं. तो मान्य झाला.

दुसरा बँकेचा. मालकांना वाटतं की कंपनी विकली म्हणजे आपण कर्जातून सुटलो. त्यांनी दिलेली वैयक्तिक हमी मात्र बँकेने लेखी मोकळी केल्याशिवाय सुटत नाही. करारात ती अट घालून, पैसे आणि हमीमुक्तीचं पत्र एकाच दिवशी, असं मी बसवून घेते. जाता जाता पुण्याच्या कंपनी निबंधकांकडे एक जुना बोजा अजून चढलेलाच सापडला. कर्ज कधीच फिटलेलं, पण तो उतरवायचा फॉर्म भरलेला नाही. असं प्रत्येक कंपनीत निघतं.

तिसरा स्पर्धाबंदीचा. पाच वर्षं दुसरी फौंड्री काढायची नाही, अशी अट. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे धंद्यावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरतो, पण नावलौकिकासह धंदा विकला तर वाजवी मर्यादेत असं बंधन चालतं. अडचण कायद्याची नव्हती. भावांच्या भाच्याची फौंड्री गोकुळ शिरगावला आहे आणि धाकटा तिथे रोज संध्याकाळी जाऊन बसतो. "नातेवाईक" या शब्दाची व्याख्या किती दूरपर्यंत न्यायची यावर पाऊण तास गेला.

शेअर विकायचे की सगळा धंदा एकगठ्ठा, ज्याला स्लंप सेल म्हणतात, हा वाद या व्यवहारात आधीच मिटला होता. घेणाऱ्याला स्लंप सेल आवडतो, कारण जुनी लफडी कंपनीतच मागे राहतात. विकणाऱ्याला शेअर विकणं सोयीचं. पैसा थेट हातात येतो आणि दोन वर्षांहून जास्त काळ धरलेल्या शेअरच्या नफ्यावर सध्या साडेबारा टक्के कर आणि त्यावरचा अधिभार लागतो. स्लंप सेलमध्ये पैसा आधी कंपनीत येतो, तिथे कर भरायचा, आणि घरी न्यायचा म्हटलं की पुन्हा लाभांशावर कर. शिवाय एमआयडीसीचा प्लॉट 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा. तो दुसऱ्या कंपनीच्या नावावर करायला एमआयडीसीची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं. आयकराचे कलम क्रमांक मी मुद्दाम देत नाही. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा आला आणि आमची सगळ्यांची पाठांतरं वाया गेली.

खरंखुरं विलीनीकरण, म्हणजे दोन कंपन्यांची एक, आमच्याकडे कमी येतं आणि आलं तर बहुधा एकाच घराच्या दोन कंपन्यांचं. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 230 ते 232 कलमांखाली ते एनसीएलटीच्या, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, मुंबई खंडपीठापुढे जातं, छोट्या कंपन्यांना 233 खाली प्रादेशिक संचालकांकडचा जवळचा रस्ता आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की आता हेही इथेच होईल. तसं झालेलं नाही. या कामांना अजून मुंबईच गाठावी लागते.

संध्याकाळी सातच्या सुमाराला मोठ्या भावाचा फोन. "मॅडम, ऱ्हाऊ दे का? वडिलांनी उभं केलंय." हा फोनही येतोच, बहुतेकदा घेणाऱ्याची माणसं कारखान्यातून फिरून गेली की त्याच दिवशी. इथे एक गोष्ट तुम्हाला स्पष्ट सांगायला हवी. आमच्या फीचा थोडा भाग सुरुवातीला मिळतो, मोठा भाग व्यवहार पूर्ण झाल्यावर. म्हणजे अशा वेळी "विका" म्हणण्यात माझा सरळ स्वार्थ असतो. म्हणून त्या फोनवर मी सल्ला देत नाही. चार दिवस डेटा रूममध्ये, म्हणजे घेणाऱ्याला कागद दाखवायच्या ऑनलाइन कपाटात, नवीन काही टाकत नाही आणि समोरच्यांना कागद जमवायला वेळ लागतोय असं कळवते, जे खोटंही नसतं. या भावांनी चौथ्या दिवशी आपणहून पुढे चला म्हणून सांगितलं. सगळेच सांगतात असं नाही, काही वेळा माझे कित्येक महिने पाण्यात जातात.

तयारी काय करावी म्हणाल, तर मूल्यांकनाचे कोर्स नंतर करता येतात. आर्टिकलशिप शिल्लक असेल तर बँकेची स्टॉक ऑडिटची कामं मागून घ्या आणि ऑफिसात बसून यादीवर टिक मारण्याऐवजी यार्डात जाऊन ढीग खालून बघा. एमआयडीसीचा एक भाडेकरार आणि एक जुना शेअर खरेदी करार पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, कंटाळा आला तरी. शिरोलीतल्या एखाद्या ओळखीच्या फौंड्रीत आठवडाभर पहिल्या शिफ्टला जाऊन भट्टीपाशी उभे राहा, हीट रजिस्टर कोण लिहितं आणि कधी लिहितं ते बघा. ते शिफ्ट संपल्यावर एकदम लिहिलं जात असेल, तर त्यातल्या आकड्यांवर किती भिस्त ठेवायची हे तुम्हाला कुठल्याही कोर्सशिवाय कळेल.